वर्षाच्या आत मांडव

मुलुंड पूर्वेच्या नवपल्लव सोसायटीत गच्चीवर सावली पाडण्याचा गुन्हा आजवर कोणी केला नव्हता. गच्ची उन्हासाठीच असते, अशी तिथल्या सगळ्यांची समजूत, आणि एप्रिल उजाडला की ती आणखी पक्की होते. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, मिरच्या, गाद्या, उशा, सगळं वर जातं आणि कडकडीत होऊन खाली येतं. ढग आला तर बायका त्याच्याकडे रागाने बघतात. अशा ठिकाणी अपूर्वा तोरसकरला सावली हवी होती. तीही चांगली एका खोलीएवढी.

कारण होतं भोपळा.

अपूर्वाचे वडील लवू तोरसकर मागच्या जूनमध्ये गेले. जाण्याआधीचं अख्खं वर्ष ते चष्म्याचं घर हरवलं म्हणून कुरकुरत होते. भाजीत मीठ कमी आहे आणि चष्म्याचं घर सापडत नाही, या त्यांच्या दोन कायमच्या तक्रारी. ते गेल्यावर त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात ते घर सापडलं. आत चष्मा नव्हता, लाल भोपळ्याच्या मूठभर बिया होत्या. वेंगुर्ल्याकडच्या त्यांच्या घराच्या मागच्या परड्यातला वेल. आता ते घर कुलपात होतं, परडं रानाने खाल्लं होतं, आणि तो भोपळा चष्म्याच्या घराबाहेर कुठेही शिल्लक नव्हता.

आईने, म्हणजे शेवंतीबाईंनी, माघात त्या बिया गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एका निळ्या पिंपात लावल्या. बऱ्याचशा रुजल्याच नाहीत. जी रोपं आली त्यातलं एक जगलं, त्याला फळं धरली, ती एकेक करून पिवळी पडून गळाली आणि शेवटी एक टिकलं. आईने एवढंच सांगितलं, "ह्यांच्या वर्षश्राद्धाला पानात हाच भोपळा वाढायचा." अपूर्वाने होकार दिला. ती अंधेरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती, चाळिशीला टेकलेली, आणि बोलायचं ते कमीत कमी शब्दांत बोलणारी. वर्षभरात तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. भोपळ्याबद्दल वाचताना मात्र पुष्कळांनी पाहिलं होतं.

या भोपळ्याला दोन नियम होते. पहिला, त्याचं नाव कोणाजवळ काढायचं नाही, दृष्ट लागते. दुसरा, त्याला बोट दाखवायचं नाही, नाहीतर कुजतो. दाखवायचाच झाला तर मूठ दाखवायची. अपूर्वाने पहिल्याच दिवशी सवयीने बोट उचललं तेव्हा आईने तिच्या हातावर अशी चापट मारली की ग्रंथपालाला पुन्हा शाळेत गेल्यासारखं वाटलं. हे असं काही नसतं, हे अपूर्वाला ठाऊक होतं. तरी ती मूठच दाखवू लागली.

एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी आई वर गेली आणि पाच मिनिटांत भिंत धरत खाली आली. "गेला गो वेल," ती म्हणाली आणि सोफ्यावर बसली.

वेल गेला नव्हता. त्याने पानं खाली टाकली होती, मिटलेल्या छत्र्यांसारखी. अपूर्वाने वाचून आईला समजावलं की दुपारी भोपळा असंच करतो, पाणी उडू नये म्हणून पानं पाडून घेतो, संध्याकाळी पुन्हा उभा राहतो. सकाळीही मान खाली असेल तर काळजी करायची. आईला हे पटलं, कारण बाबाही दुपारी जेवल्यावर असेच पडायचे आणि चहाच्या वासाने उठायचे. संध्याकाळी वेल खरोखर उठला.

पण दोन दिवसांनी पानांच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि भाजलेल्या पापडासारख्या कुरकुरीत झाल्या. हे मात्र नेहमीचं नव्हतं. झालं असं होतं की सोसायटीने त्याच हिवाळ्यात गच्चीला ऊन परतवणारा पांढराशुभ्र रंग दिला होता. सेक्रेटरी सुबोध दिघे यांच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात मोठं काम. वरच्या मजल्याची घरं थंड झाली, यात शंका नाही. ऊन परत कुठे जातं, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. ते भोपळ्यात जात होतं. वेल वरून भाजत होता आणि खालूनही.

मग उपाय सुरू झाले.

आईच्या नियमात फक्त दोन माणसांना सूट होती. एक वाकोल्याचा नानामामा, कारण तो घरचा. दुसऱ्या नीलमवहिनी गायकवाड, शेवटच्या मजल्यावरच्या, कारण पिंपाला पाणी त्यांच्या नळावरून जायचं. नीलमवहिनींनी एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून द्यायला सुरुवात केली. त्याने पिंपातली माती गार राहिली, पानं भाजतच राहिली. नानामामाने फोनवर सांगितलं, "ताक फवार. माझ्या पाठीवर घामोळं आलं होतं तेव्हा ताकानेच गेलं."

"मामा, पाठ वेगळी, पान वेगळं."

"कातडंच ना दोन्हीकडे?"

अपूर्वाने ताक फवारलं. अर्ध्या तासात गच्चीवर मांजरं जमली. मुलुंडमध्ये एवढी मांजरं आहेत हे तिला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी पानं अतिशय मन लावून चाटली, आणि दोन पानांवर तर बसून चाटली.

दुसरा उपाय बाबांच्या मोठ्या काळ्या छत्रीचा. अपूर्वाने ती पिंपाला सुतळीने बांधली आणि कामावर गेली. दुपारी वारा सुटला. छत्री सुतळीसकट उडाली आणि शेजारच्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावरच्या एका गॅलरीत जाऊन बसली. आता छत्री काही मोठी गोष्ट नव्हती, पण ती बाबांची होती. म्हणून अपूर्वा संध्याकाळी टॉवरच्या गेटवर गेली.

"किसके यहाँ जाना है?" वॉचमनने विचारलं.

"छत्रीकडे," अपूर्वा म्हणाली, आणि लगेच तिला आपल्या उत्तराची लाज वाटली.

त्या टॉवरमध्ये कोणालाही आत जायचं असेल तर घरमालकाने फोनवर मंजुरी द्यावी लागे. वॉचमनने तिचा फोटो काढला. कारणाच्या रकान्यात पाहुणे, डिलिव्हरी, मोलकरीण आणि टॅक्सी एवढेच पर्याय होते. तिने डिलिव्हरी म्हटलं. मालक बंगळुरूला होते. त्यांनी काही मागवलं नव्हतं, म्हणून त्यांनी नकार दिला. मग पाहुणे म्हटलं. त्यांनी फोटो बघितला, ओळखलं नाही, पुन्हा नकार दिला. तिसऱ्यांदा वॉचमननेच आपल्या मनाने मोलकरीण निवडलं आणि मंजुरी तत्काळ आली. दोन भाषांत एम.ए. केलेली अपूर्वा मोलकरीण म्हणून बाराव्या मजल्यावर गेली, शेजाऱ्यांकडे असलेल्या किल्लीने गॅलरी उघडून घेतली आणि छत्री काखेत मारून, मान ताठ ठेवून बाहेर पडली. जाताना वॉचमन म्हणाला, "कल सुबह जल्दी आना."

तिसरा उपाय ओल्या कपड्याचा. बाबांची एक नवी कोरी हिरवी लुंगी होती, एकदाही न नेसलेली. ती भिजवून वेलावर दोरीने ताणली. सावली छान पडली. लुंगीने मात्र रंग सोडला, आणि तो वाऱ्याबरोबर उडून टाकीच्या पलीकडे जानकीकाकूंच्या कुरडयांवर शिंपडला गेला. जानकीकाकू म्हणजे नवपल्लवच्या वाळवणाची राणी. गच्चीचा कोणता कोपरा कधी तापतो हे त्या झोपेतही सांगतील.

"अपूर्वा, ह्या कुरडया बघ. पालकाच्या झाल्यात."

भोपळ्याचं नाव काढायची मनाई होती. "कपडे वाळत घातले होते, काकू. माफ करा."

"कपडे खाली वाळवावेत, बाळ. वर ऊन आहे ते खाण्याच्या वस्तूंना." आणि त्या तशाच हिरव्या कुरडया डब्यात भरून गेल्या. पुढे त्यांच्या नातवाने त्यातल्याच बऱ्याचशा आधी संपवल्या, हा भाग वेगळा.

हे सगळं झाल्यावर अपूर्वाने ठरवलं की आता पद्धतशीर काम करायचं. चार बांबू, वर जुनी पांढरी चादर, म्हणजे वेलाला साधा मांडव. त्यासाठी सेक्रेटरींची परवानगी लागणार. नीलमवहिनी नेमक्या त्याच आठवड्यात मुलांना घेऊन बहिणीकडे अकोल्याला गेल्या होत्या. त्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं आजही नवपल्लवमध्ये मानतात.

दिघेकाका जिन्याखालच्या छोट्या ऑफिसात बसत. सरकारी खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. परवानगी न देणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा व्यवसाय होता, आता देणं हा छंद झाला होता, पण जुनी सवय मधूनच डोकं वर काढायची. गुडघ्यांमुळे ते गच्चीवर रंगकामानंतर गेलेच नव्हते.

"काका, रविवारी गच्चीवर मांडव घालायचा होता. परवानगी लागते का?"

दिघेकाकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "मांडव," ते म्हणाले. "तू घालतेयस?"

"मी आणि आई."

"म्हणजे आईंची संमती आहे."

"तिचाच आग्रह आहे."

काकांचा चेहरा मऊ झाला. "वर्षाच्या आत व्हावं, असं असेल."

अपूर्वाला बरं वाटलं. कोणालातरी न सांगता कळलं. "हो. जूनमध्ये वर्षश्राद्ध आहे. त्याच्या आधी हाती लागलं म्हणजे झालं."

"कुठलं आहे?"

आता भोपळ्याचं नाव न घेता सांगायचं होतं. "गावचंच. बाबांनीच जपून ठेवलं होतं. आम्हाला ते गेल्यावर कळलं."

"बघ. आमच्याजवळ कधी बोलले नाहीत."

"असल्या बाबतीत ते बोलायचे नाहीत."

"आणि प्रकृती वगैरे ठीक?"

"सकाळी चांगली असते. दुपारी मान टाकतं. संध्याकाळी पुन्हा ठीक."

दिघेकाकांनी आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला. "होतं तसं या वयात," ते म्हणाले. "माझंही तेच आहे. तू काही काळजी करू नकोस. रविवारचं माझ्यावर सोड."

झाडाबद्दल इतकं हळवं बोलणारा सेक्रेटरी अपूर्वाने पहिल्यांदाच पाहिला. पांढऱ्या रंगाबद्दल आपण मनात जे काही म्हटलं ते तिने मनातच मागे घेतलं.

आता काकांच्या डोक्यात काय झालं ते कोणाही मराठी माणसाला सांगावं लागू नये. घरातलं मोठं माणूस गेलं की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. तोरसकरांची अपूर्वा चाळीस वर्षांची. तीन वर्षं थांबायला सवड कोणाला होती? त्यात मुलगा गावचा, वडिलांनीच हेरून ठेवलेला, तब्येतीने जरा नाजूक. काकांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, कोणाजवळ बोलू नकोस म्हणून बजावलं, आणि रात्रीपर्यंत ते दोन्ही विंगांत पोचलं.

पुढचे तीन-चार दिवस अपूर्वाला मुलुंड फार चांगलं वाटलं. लिफ्टमध्ये जानकीकाकूंनी तिचा हात हातात घेतला. "रविवारी माझ्या पापड्या मी वर नेणारच नाही. पडू दे सावली. अशा कामाला सावली पडली तर काय बिघडतंय?"

"तुम्हाला कोणी सांगितलं, काकू?"

"कळतं गं. उशिरा का होईना, लागलं ना. देव बघतो."

फळ लागल्याचं काकूंना आईने सांगितलं असणार, असं अपूर्वाने धरलं. आईला वाटलं, अपूर्वाने सांगितलं. दोघी एकमेकींवर थोड्या नाराज राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत, हीच त्या घराची पद्धत होती.

नीलमवहिनींचे यजमान प्रबुद्ध गायकवाड रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. ते जिन्यात भेटले. "माझ्याकडे स्पीकर आहे चांगला. रविवारी वर लावून देऊ का? थोडं संगीत असलेलं बरं."

झाडांना संगीत ऐकवतात हे अपूर्वाने वाचलं होतं. तिचा त्यावर विश्वास नव्हता, पण माणूस मनापासून म्हणतोय. "हळू आवाजात चालेल," ती म्हणाली. "जोरात नको, त्रास होईल."

"त्यांना आवाजाचा त्रास होतो का?"

"सांगता येत नाही. अजून नाजूकच आहे."

प्रबुद्ध समजूतदारपणे मान हलवत गेले. त्याच रात्री अकोल्याहून नीलमवहिनींचा फोन आला. आवाजात रुसवा होता. "माझ्यापासून लपवलंस. ह्यांच्याकडून कळावं मला?"

"लपवलं कुठे, वहिनी? तुम्ही गेल्यावरच ठरलं. साधाच घालतोय. चार बांबू आणि जुनी चादर."

वहिनींचा रुसवा उतरला. "साधंच बरं," वहिनी म्हणाल्या. "देखाव्यात काय आहे? आमच्या लग्नातही सगळं साधं होतं. पण चादर तरी नवी घे गं."

रविवारी सकाळी अपूर्वा बांबू आणि सुतळी घेऊन वर गेली तेव्हा गच्चीचं दार उघडंच होतं. आत अनंत डेकोरेटर्सची माणसं लोखंडी खांब उभे करत होती. लाल-पिवळं कापड, कडेला सोनेरी झालर, दारात आंब्याच्या पानांचं तोरण. अनंत स्वतः शिडीवर होता. "ताई, दिघेसाहेबांनी सांगितलंय. तुम्ही काही बघू नका. स्टेज कुठल्या बाजूला घेऊ?"

"स्टेज कशाला?"

"बसायला."

अपूर्वा विचारात पडली. भोपळा जमिनीवर होता, त्याखाली आईने सुकं गवत घातलं होतं. थोडा उंच ठेवला तर बुड कुजणार नाही, हे खरं. "लहानसं चालेल," ती म्हणाली. "टाकीच्या मागे घ्या."

"टाकीच्या मागे?" अनंतने शिडीवरून खाली बघितलं. मोठ्या घरांतल्या हौशी त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या.

मग बायका येऊ लागल्या. जानकीकाकूंनी जरीची साडी नेसली होती आणि हातात औक्षणाचं ताट होतं. मागून दोघीतिघी रुखवत घेऊन आल्या. साखरेची चूल, लोकरीचा पोपट, आणि एका ताटात रचलेलं कुरडयांचं तुळशीवृंदावन. थोडंसं हिरवट. प्रबुद्धनी स्पीकर लावला, सनई सुरू झाली, अगदी हळू आवाजात, ठरल्याप्रमाणे. सगळ्यात शेवटी दिघेकाका एकेक पायरी चढत, मध्ये थांबत, कडक इस्त्रीच्या कुर्त्यात वर आले. त्यांच्या मागे दिघेकाकू.

अपूर्वा हातात सुतळीचं भेंडोळं घेऊन उभी होती. अंगावर जुना, ताकाचे डाग पडलेला कुर्ता.

"अगं, तू अजून तयार नाहीस?" जानकीकाकू म्हणाल्या. "मुलाकडचे कधी येतायत?"

शिकलेल्या माणसाचं डोकं कधी कधी फार हळू चालतं, आणि मग एकदम चालतं. अपूर्वाने तोरण बघितलं. ताट बघितलं. पोपट बघितला. 'लागलं', 'नाजूक', 'या वयात', सगळं एकामागून एक तिच्या कानात पुन्हा वाजलं. तिच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढलं. सोसायटीत आजवर तिने कोणाला आपल्या खासगी गोष्टींत येऊ दिलं नव्हतं, आणि इथे अख्ख्या दोन विंगा जरीच्या साड्या नेसून तिच्या लग्नाला आल्या होत्या. तिने एक थंड, नेमकं, शेवटचं वाक्य जुळवलं. ते म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात दिघेकाका तिच्यापाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ अपूर्वा. तोरसकर नाहीत म्हणून काही अडायचं नाही. मी आणि हिने ठरवलंय. कन्यादान आम्ही करतो. तुझी हरकत नसली तर."

अपूर्वाचं वाक्य तिथेच राहिलं. हा माणूस तिच्यासाठी दुखऱ्या गुडघ्यांनी सहा मजले चढला होता, कारण लिफ्ट गच्चीपर्यंत येत नव्हती आणि नेमकी आज बंदच होती. वर्षभरात पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले, आणि ते सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी त्याचा चुकीचा अर्थ घेतला.

"आई," ती कशीबशी म्हणाली. "यांना दाखव."

आई टाकीमागून आली. पदर खोचलेला, हातात एसीच्या पाण्याची बादली. तिने तोरण, सनई, माणसं, सगळ्यांवरून नजर फिरवली. "ह्या काय चललासा?"

"शेवंतीबाई, नवरामुलगा?" दिघेकाकूंनी विचारलं.

आई त्यांना टाकीमागे घेऊन गेली. सगळे मागोमाग. तिथे ओल्या पंच्याखाली, गवतावर, भाजलेल्या पानांच्या मधोमध भोपळा बसला होता. अंगाने भरलेला, हिरवा, जरासा कलता. आईने त्याच्याकडे मूठ दाखवली. "हो बघा. गावचो. ह्यांनीच जपून ठेवलेलो."

सनई वाजत होती. मग जानकीकाकूंचं बोट वर जाऊ लागलं. "बोट नको," आई ओरडली, "मूठ." काकूंनी मूठ केली. मागच्या लोकांना काय झालं ते कळेना, पण पुढच्यांचं बघून त्यांनीही मुठी दाखवल्या. एका भोपळ्याभोवती सगळी माणसं जरीच्या साड्यांत आणि इस्त्रीच्या कुर्त्यांत मुठी उगारून उभी होती. काही निषेध चालला आहे असं लांबून वाटलं असतं.

दिघेकाकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "म्हणजे दुपारी मान टाकतो तो," ते म्हणाले, "हा."

"पानं टाकतात, काका. हा नाही."

"आणि मी म्हटलं, माझंही तेच आहे."

आई हसली. आधी नाकातून एक आवाज आला, मग बादली खाली ठेवून ती पिंपाला टेकली आणि हसत राहिली. "भोपळ्याचा कन्यादान," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली, पदर तोंडात कोंबून. मागच्या जूनपासून कोणी तिला असं पाहिलं नव्हतं. मग अपूर्वाही हसली. मग सगळेच, दिघेकाका सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ.

आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं, म्हणून आईने खाली जाऊन शिरा केला. रुखवतातल्या कुरडया तळल्या. लोकरीचा पोपट परत न्यायला कोणी तयार होईना, तो अजून तोरसकरांच्या टीव्हीवर आहे.

पण प्रश्न सावलीचा होता, आणि तो आता सोसायटीचा झाला. अडचण नियमात होती. गच्चीवर मांडव घालायला परवानगी होती ती फक्त मंगलकार्यासाठी, आणि तीही एका दिवसाची. वेलासाठी मांडव म्हटला तर ते बांधकाम ठरत होतं, आणि बांधकामाला सर्वसाधारण सभा लागते. दिघेकाकांची चाळीस वर्षांची नोकरी इथे कामाला आली. दर रविवारी ते नोंद करत, की कार्य अपरिहार्य कारणामुळे पुढे ढकलल्याने मांडवास मुदतवाढ. नवपल्लवच्या दप्तरात अपूर्वा तोरसकरचं लग्न जूनपर्यंत असं आठवड्याआठवड्याने लांबत राहिलं. तिने त्यावर एकदा सही केली आणि आपल्या प्रतिष्ठेचा विषय कायमचा बंद केला.

अनंतने खांब आणि झालर नेली, एक विरलेलं पांढरं कापड ठेवलं. ते अपूर्वाच्या बांबूंवर चढलं. जमिनीच्या पांढऱ्या रंगावर आईने गोणपाटं अंथरली. सकाळचं ऊन वेलाला आणि कुरडयांना दोघांनाही. माध्यान्हीला कापड ओढायचं, चहाच्या वेळी गोळा करायचं. ते ओढायला अपूर्वा घरी नसायची, आईचे हात दुखायचे, म्हणून ते काम जानकीकाकूंकडे गेलं. त्यांनी ते अशा शिस्तीने केलं की वेलाने नंतर एकही पान जाळलं नाही. नवी पानं आली ती मोठी, मऊ, हाताच्या पंजापेक्षा रुंद. दुपारी ती जरा खाली झुकत. तेव्हा काकू म्हणत, "टाकली मान. दिघ्यांसारखी."

भोपळा मे अखेरीला पिकला. देठ सुकला, कातडं नखाने ओरखडेना. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी कापड उतरवलं. दिघेकाकांनी विचारलं, "आता दप्तरात काय लिहू?"

"कार्य पार पडलं, असं लिहा," अपूर्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भोपळा ओट्यावर ठेवला आणि आई सुरी घेऊन थांबली. अपूर्वाला कारण माहीत होतं. त्यांच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाई आधी सुरी लावत नाही. घरातला पुरुष लावतो, मग बाई चिरते. बाबा दर वेळी उगाच बाह्या वर करून यायचे, एक खाच पाडायचे आणि मोठं काम केल्यासारखे हात धुवायचे. नानामामा यायचा होता, पण वाकोल्याहून निघालो असं सांगून त्याला दोन तास झाले होते आणि तो अजून वाकोल्यातच होता.

"दिघ्यांक बोलव," आई म्हणाली. "कन्यादान करूक इल्ले. ह्या तरी करूदेत."

दिघेकाका धुतलेला शर्ट घालून आले. बाह्या वर केल्या. सुरी नीट धरली, भोपळ्याच्या मधोमध जोरात मारली, आणि ती बोटभर आत जाऊन अडकली. पुढे जाईना, मागे येईना. काकांनी एका हाताने ओढलं, मग दोन हातांनी. भोपळा सुरीसकट ओट्यावरून उचलला गेला. काकांनी तो तसाच हवेत धरला आणि केविलवाण्या चेहऱ्याने अपूर्वाकडे बघितलं.

"ठेवा, काका," ती म्हणाली. तिने भोपळा ओट्यावर टेकवला, डाव्या हाताने धरला आणि उजव्या तळहाताने सुरीच्या पाठीवर एक ठोका दिला. कट असा आवाज होऊन भोपळा उघडला. आत गर्द केशरी. हा ठोका आपल्याला कोणी शिकवला नव्हता, तो फक्त आईला देताना इतक्या वेळा पाहिला होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"पुरुषाची सुरी लागली ना आधी," आई म्हणाली. "झाली रीत." तिने बिया काढल्या, धुतल्या, आणि बाबांच्या पंच्यावर पसरून कपाटाच्या वर ठेवल्या. बिया सावलीत वाळवायच्या असतात.

पहिलं पान बाबांच्या फोटोपुढे मांडलं. मग सगळे जेवायला बसले. दिघेकाका आणि काकू, जानकीकाकू, गायकवाड पतिपत्नी, आणि शेवटी धापा टाकत आलेला नानामामा. नीलमवहिनींनी भाजीचा घास घेतला आणि छान झालीय म्हणाल्या. सगळेच छान झालीय म्हणाले.

आईने घास तोंडात घेतला, चावला, थांबली.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली.

अपूर्वा उठली, आत गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली. आधी तिने फोटोपुढच्या पानात एक चिमूट घातलं, मग आईच्या.